सूचनेच्या दाराला कुलूप कशासाठी?

'नागरिकांकडून हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत.' शासकीय मराठीतील हे वाक्य आता इतके गुळगुळीत झाले आहे की, ते वाचून कोणी थांबत नाही. शहराचा विकास आराखडा असो, प्रभाग रचना असो, मतदार यादी असो वा एखाद्या नियमाचा मसुदा असो. प्रत्येकाच्या शेवटी हे वाक्य असतेच. मुदत संपते, 'प्राप्त हरकतींचा विचार करून' मसुदा अंतिम होतो आणि पुढील पाच-पंचवीस वर्षे त्या निर्णयाखाली आपण राहतो. हरकती किती आल्या, कोणाच्या आल्या आणि ज्यांच्या यायला हव्या होत्या त्यांच्या का आल्या नाहीत, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

सामान्य माणूस उदासीन आहे, हे त्याचे नेहमीचे ठरलेले उत्तर. हे उत्तर सोयीचे आहे, कारण ते देणाऱ्यावर कोणतीच जबाबदारी येत नाही. कोणत्याही गावातील चहाच्या टपरीवर अर्धा तास बसावे. नाल्याचा उतार चुकला कोठे, बाजारपेठेतील रस्ता अरुंद का राहिला, नळाला पाणी कोणत्या वारी येत नाही, याची माहिती तेथे अभियंत्यालाही शिकवील अशी असते. मत आहे, माहिती आहे, तळमळही आहे. नाही ती वाट. टपरीवरचे ते शहाणपण शासनाच्या टेबलापर्यंत पोहोचण्याच्या मार्गात आपण इतके उंबरठे बांधून ठेवले आहेत की, दहा निघालेल्यांपैकी नऊ जण वाटेतूनच परततात.

ना ग्रामसभा, ना प्रभाग समिती

हा प्रश्न सर्वांचाच असला तरी मानवतसारख्या गावाला तो विशेष जाचतो. परभणी जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण कापसाच्या बाजारपेठेसाठी मराठवाड्यात सर्वपरिचित आहे. तालुक्याचे गाव आहे, नगरपरिषद आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या तीस हजारांच्या वर आहे. अशा गावातील नागरिकाने आपले म्हणणे मांडायचे कोठे?

शेजारच्या हजार-पाचशे वस्तीच्या खेड्याला ग्रामसभा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक आहे. तेथे मतदार यादीत नाव असलेला कोणताही गावकरी उभा राहून बोलू शकतो. त्याला अर्ज लागत नाही, ओळखपत्राची झेरॉक्स लागत नाही. सरपंच त्याला ओळखतो आणि तो सरपंचाला. दुसऱ्या टोकाला मोठी महानगरे आहेत. १९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या अनिवार्य केल्या. म्हणजे खेड्याला सभा आहे, महानगराला समिती आहे; मधले मानवत, पाथरी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा, सोनपेठ मात्र दोन्हींच्या मध्ये उभे आहेत. घटनेने सक्तीची केलेली अशी एकही बैठक नाही, जिथे या गावांतील नागरिक उठून आपल्या गल्लीविषयी बोलू शकेल. नगरपरिषदेच्या सभेत तो फार तर प्रेक्षक म्हणून बसू शकतो. बोलण्याचा अधिकार नगरसेवकाचा.

आणि नगरसेवकच नसेल तर? ही केवळ कल्पना नाही. राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ च्या सुमारास संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे त्यांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुकांची घोषणा झाली ती २०२५ च्या नोव्हेंबरात. इतक्या दीर्घ काळात छोट्या शहरांतील नागरिकापुढे एकच मार्ग उरला होता : स्वतः लिहून कळविणे. त्याच निवडणुकीच्या तयारीत ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रारूप मतदार याद्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हा हरकतींसाठी आरंभी दिलेला अवधी आठवड्याचाही नव्हता. पुढे तो वाढवावा लागला. यादीत आपले नाव शोधायचे, ते दुसऱ्या प्रभागात गेले असेल तर पुरावा जोडायचा, विहित नमुना मिळवायचा आणि कार्यालयीन वेळेत तो पोहोचता करायचा. रोजंदारीवर जाणाऱ्याने, दुकान सांभाळणाऱ्याने, शाळेतून मुलांना आणणाऱ्या गृहिणीने हे सारे सहा दिवसांत कसे करावे?

उंबरठ्यांची मोजदाद

'आता सारे ऑनलाइन झाले आहे', असे यावर सांगण्यात येते. ते खरेच आहे आणि त्याचे श्रेयही दिले पाहिजे. महाराष्ट्र शासनाचे 'आपले सरकार' हे तक्रार निवारणाचे व्यासपीठ २०१५ पासून सुरू आहे. केंद्राचे 'मायगव्ह' २०१४ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी केंद्राने असे धोरण ठरविले की, कायद्याचा मसुदा जनतेपुढे किमान तीस दिवस ठेवावा. दहा-बारा वर्षांपूर्वी मुंबईला खेटे घातल्याखेरीज जे घडत नव्हते, ते आज घरबसल्या घडू शकते. प्रश्न या 'शकते'चा आहे.

शासकीय संकेतस्थळावर आपले म्हणणे नोंदवू पाहणाऱ्या नागरिकाची वाट पाहा. प्रथम त्याने खाते उघडायचे. त्यासाठी नाव, पत्ता, पिनकोड, जन्मतारीख, ईमेल. ईमेल नसेल तर तो आधी काढायचा. मग परवलीचा शब्द ठरवायचा, ज्यात एक मोठे अक्षर, एक छोटे, एक आकडा आणि एक चिन्ह हवे. आणि ही मोठी-छोटी अक्षरे देवनागरीत नसतातच. नंतर भ्रमणध्वनीवर येणारा संकेतांक मिनिटभरात टिपायचा. तो येईपर्यंत वेळ संपली तर पुन्हा आरंभापासून. त्यानंतर चित्रातील वेडीवाकडी रोमन अक्षरे ओळखून आपण यंत्र नसल्याचे सिद्ध करायचे. ज्याने आयुष्यभर मराठीत व्यवहार केला, तो माणूस असल्याचा पुरावा त्याच्याकडून इंग्रजीत मागितला जातो!

नावांचा घोळ निराळाच. 'मानवत' हे नाव देवनागरीत एकाच पद्धतीने लिहिले जाते. रोमन लिपीत मात्र कोठे मध्ये 'डब्ल्यू' असतो, कोठे 'व्ही'. शेवटी कधी 'एच' लागतो, कधी नाही. आधार कार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, संकेतस्थळाच्या यादीत तिसरे. माणसाच्या नावाचेही तेच. यंत्राला दोन्ही जुळलेले हवे असतात. जुळले नाहीत की लाल अक्षरांत एक इंग्रजी वाक्य उमटते आणि दार बंद होते.

याचा अनुभव मानवतच्या कापूस उत्पादकांना नुकताच आला आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीकरिता 'कपास किसान' या अॅपवरील स्वयंनोंदणी अनिवार्य केली. व्यापाऱ्याने शेतकऱ्याच्या नावावर माल घालू नये, हा त्यामागील हेतू रास्तच होता. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. एवढी रक्कम योग्य हाती पडावी म्हणून ओळख तपासणे आवश्यकच आहे. परंतु नोंदणी सुरू झाली ती सप्टेंबरात, जेव्हा मराठवाडा अतिवृष्टीने झोडपला जात होता. पाण्याखालच्या शेताच्या बांधावर उभे राहून संकेतांकाची वाट पाहणे अनेकांना शक्य नव्हते आणि नोंदणीची मुदत वाढवावी लागली. तेथे निदान भाव मिळणार होता, म्हणून शेतकऱ्याने धडपड तरी केली. मुले, पुतणे, सेवा केंद्राचा चालक यांची मदत घेतली. केवळ एक सूचना देण्यासाठी, ज्यातून स्वतःला छदामही मिळणार नाही, एवढी धडपड कोण करील? लोकहितासाठी बोलू इच्छिणाऱ्यापुढे आपण तोच अडसर ठेवतो, जो हजारो रुपयांचा लाभ घेणाऱ्यापुढे ठेवतो. गफलत येथे आहे.

मराठवाड्याला हे नवे नाही

बोलण्यापूर्वी परवानगी, ही गोष्ट मराठवाड्याने एकदा भोगलेली आहे. निजामी राजवटीत 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाने सार्वजनिक सभांवर पूर्वपरवानगीचे बंधन होते. खाजगी शाळा, आखाडे यांच्यावरही तशीच बंधने होती. सभा भरवायची तर विषय काय, वक्ता कोण, हे आधी कळवायचे. आणि अनुमती मिळेल याची शाश्वती नाही. उघड बंदीपेक्षा ही पद्धत अधिक चतुर होती. बोलू नका, असे कोणी म्हणत नव्हते. अर्ज करा, एवढेच म्हणत होते. त्या अर्जाच्या उंबरठ्यावरच एका समाजाचा आवाज अनेक वर्षे अडवून ठेवण्यात आला. १९३७ मध्ये महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूरला भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. १९३८-३९ मध्ये आर्य समाज आणि हिंदू महासभा यांनी धार्मिक व नागरी हक्कांसाठी सत्याग्रह केला आणि त्यात देशभरातून गेलेल्या सहस्रावधी सत्याग्रहींनी निजामाचे तुरुंग भरले. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, तेव्हा माती मुक्त झाली तशीच वाणीही मुक्त झाली.

आजच्या लोकनियुक्त शासनाची त्या जुलमी राजवटीशी तुलना करणे अन्यायाचे ठरेल. तेथे आवाज दडपण्याचा हेतू होता. येथे आवाज ऐकण्याचा हेतू आहे. परंतु हेतू चांगला असूनही जर परिणाम असा होत असेल की, सामान्य माणूस दारातूनच परततो, तर ज्या भूमीने या स्वातंत्र्यासाठी मूल्य मोजले, तिने ते मुकाट्याने सोसू नये. परकीय सत्तेने घातलेले कुलूप आपण तोडले. आपल्याच माणसांनी अनवधानाने लावलेले कुलूप उघडायला तर चळवळही लागणार नाही, किल्ली मागितली तरी पुरे.

दार उघडे ठेवणारी परंपरा

आपल्या समाजजीवनाचा पिंड उघड्या दाराचा आहे. याच परभणी जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती. ना कुळ, ना विद्या, ना कोणा पंडिताचे शिफारसपत्र. तरीही तिचे अभंग सातशे वर्षे महाराष्ट्राच्या ओठांवर आहेत. 'तू कोण?' असे तिला आधी विचारले गेले असते, तर मराठी भाषा केवढ्या धनाला मुकली असती! वारकरी परंपरेने बोलू सर्वांना दिले आणि निवड नंतर केली. जे सकस होते ते शतकानुशतके टिकले. जे फोल होते ते वाऱ्यावर उडून गेले. प्रवेश मुक्त आणि पारख कठोर, असा तो शिरस्ता होता.

अहल्याबाई होळकरांच्या कारभाराचे जे वर्णन जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यानेही केले आहे, त्यात त्या रोज खुल्या दरबारात बसून कामकाज पाहत, हे विशेषत्वाने नोंदले आहे. रयतेला गाऱ्हाणे मांडण्यासाठी मध्यस्थ लागू नये, ही त्यामागील दृष्टी. रत्नागिरीत १९३१ मध्ये स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठ कीर यांच्या दातृत्वाने उभे राहिलेले पतितपावन मंदिर हे याच दृष्टीचे दुसरे रूप. अखिल हिंदूंसाठी गाभाऱ्यापर्यंत मुक्त प्रवेश, हा तेथील नियम. उंबरठा ओलांडू दिल्याने देवाचे पावित्र्य उणावत नाही, उलट समाज मोठा होतो, हे त्या मंदिराने कृतीने सिद्ध केले.

आणि संघाच्या शाखेचे काय? मैदानावर यायला अर्ज नाही, शुल्क नाही, सभासदत्वाची पावती नाही. आलेल्याला आधी रांगेत उभे केले जाते, नाव-गाव नंतर आपुलकीने विचारले जाते. शिस्त मात्र आत आल्यावर प्रत्येकाला आहे. शंभर वर्षांत हे कार्य वाढले, त्याच्या अनेक कारणांपैकी प्रवेशाची ही सुलभता एक आहे. बाहेर सुलभ आणि आत शिस्तबद्ध, हे सूत्र ज्या कार्यकर्त्याने रोज अनुभवले, त्याला प्रस्तुत विषय समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

दार उघडले तर चोर शिरतील?

याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. दार सताड उघडले की शिवीगाळ, खोट्या नावांनी लिहिणे, एकाच मजकुराचे गठ्ठे, व्यक्तिगत सूड यांचा पूर येईल, मग खऱ्या सूचना त्यात बुडून जातील. समाजमाध्यमांवर रोज जे दिसते, ते पाहता ही भीती निराधार म्हणता येत नाही.

उत्तरासाठी थोडा विवेक करावा लागेल. नागरिक शासनाकडे चार प्रकारांनी येतो. तो मतदान करतो. तो अनुदान, हमीभाव वा दाखला असा लाभ मागतो. तो कोणावर आरोप करतो. आणि तो सूचना करतो. पहिल्या तीन प्रसंगी ओळख पटविणे अत्यावश्यक आहे. मत एकाचे एकच असले पाहिजे, लाभ योग्य हाती पडला पाहिजे आणि दुसऱ्याच्या अब्रूला हात घालणाऱ्याने आपले नाव दिले पाहिजे. सूचनेचे तसे नाही. 'अमुक चौकातील नाली रस्त्यापेक्षा उंच बांधली आहे, म्हणून पाणी घरांत शिरते', हे विधान खरे की खोटे, ते नालीपाशी जाऊन पाहिल्यावर कळते. लिहिणाऱ्याच्या आधार क्रमांकाने नालीचा उतार बदलत नाही. सूचनेचे मूल्य तिच्या आशयात असते. म्हणून कुलूप किती मोठे, हे आत काय ठेवले आहे यावर ठरावे. तिजोरीला तिजोरीचे कुलूप हवे; पाणपोईला नको.

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास याला साक्षी आहे. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात जी शतपत्रे लिहिली, ती 'लोकहितवादी' या टोपणनावाने. ते ब्रिटिशांच्या सरकारी सेवेत होते. आधी नाव-हुद्दा सिद्ध करा, मगच छापू, अशी अट संपादक भाऊ महाजनांनी घातली असती, तर महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा एक अध्याय कोरा राहिला असता. भाऊ महाजनांनी दार उघडे ठेवले आणि संपादकाची लेखणी हाती ठेवली. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

गठ्ठ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. वक्फ दुरुस्ती विधेयकावर संसदेच्या संयुक्त समितीने २०२४ मध्ये निवेदने मागविली. ईमेलने वा टपालाने म्हणणे पाठवा, एवढीच सोपी रीत होती. तिचा परिणाम असा की, ९७ लाखांहून अधिक निवेदने आली, असे केंद्रीय मंत्री किरेन रिजिजू यांनी एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत सांगितले. दार सोपे असले की देश बोलतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता? त्याचबरोबर अशा मोहिमांत, त्या कोणत्याही बाजूच्या असोत, ठरावीक मजकूर पुढे पाठविण्याचा भाग असतो, हेही आपण जाणतो. शंभर जणांनी एकच कागद पाठविला, तर त्यातून संख्या कळते. शंभर जणांनी आपापला अनुभव लिहिला, तर विषय कळतो. सारखा मजकूर एकत्र करून एकदाच मोजणे यंत्राला कठीण नाही. त्यासाठी शंभरही जणांना दाराबाहेर रोखण्याचे कारण नाही. गाळणी आत बसवावी, दारात नव्हे.

काय करता येईल?

आदर्श शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्याच माहिती अधिकार कायद्याने २००५ मध्ये तो घालून दिला आहे. त्यातील सहावे कलम सांगते की, अर्जदाराकडे माहिती मागण्याचे कारण विचारू नये आणि संपर्कासाठी आवश्यक तेवढाच तपशील घ्यावा. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे तोंडी म्हणणे लेखी स्वरूपात आणण्यास माहिती अधिकाऱ्यानेच साहाय्य करावे, असेही त्यात म्हटले आहे. या कायद्याचा काहींनी दुरुपयोग केला हे खरे, परंतु त्यामुळे त्यातील या तत्त्वाचे मोल कमी होत नाही. माहिती मागणाऱ्याला जी सुविधा आहे, ती माहिती देऊ पाहणाऱ्या, म्हणजेच सूचना करणाऱ्या नागरिकाला का नसावी?

यासाठी काही साध्या गोष्टी शासनाने आणि नगरपरिषदांनी कराव्यात. सूचना देण्यासाठी खाते उघडण्याची अट नसावी. नाव, वॉर्ड आणि उत्तर हवे असल्यास दूरध्वनी क्रमांक, एवढे पुरे. व्यक्तिगत माहिती कामापुरतीच घ्यावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही मान्य केले आहेच. संपूर्ण प्रक्रिया, त्रुटी दाखविणाऱ्या सूचनांसह, मराठीत असावी. परवलीच्या शब्दाची आणि रोमन अक्षरचित्रांची परीक्षा काढून टाकावी. बोलून सूचना नोंदविण्याची सोय हवी. केंद्र शासनाने २०२२ मध्ये 'भाषिणी' हा भाषातंत्रज्ञानाचा उपक्रम याच हेतूने उभा केला आहे. बोललेल्या मराठीचे लिखित मराठीत रूपांतर ही आज अशक्य गोष्ट राहिलेली नाही. ज्याला यंत्र नको आहे, त्याच्यासाठी नगरपरिषदेत, ग्रंथालयात, बाजार समितीत एक साधी नोंदवही असावी आणि तिच्यातील नोंदीला संकेतस्थळावरील नोंदीइतकेच मूल्य असावे. हरकतींसाठी किमान तीस दिवस द्यावेत आणि त्यांत सुट्टीचे दिवस यावेत, जेणेकरून नोकरदार व मजूर वर्गालाही संधी मिळेल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आलेल्या प्रत्येक सूचनेचे काय झाले, स्वीकारली की नाकारली आणि का, हे चार ओळींत प्रसिद्ध करावे. उत्तर मिळत नाही म्हणून माणसे लिहीत नाहीत, आणि लिहीत नाहीत म्हणून उत्तर देण्याची सवय लागत नाही; हे दुष्टचक्र कोठेतरी तोडावेच लागेल.

हे जमणार नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने भाजी मंडईत जाऊन पाहावे. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले, तेव्हा निरक्षर भाजीवालीला हे कसे जमणार, असे विद्वानांनी विचारले होते. तंत्रज्ञांनी मार्ग इतका सोपा केला की, आज चौकोनी चित्र समोर धरले की व्यवहार होतो आणि पैसे जमा झाल्याचे यंत्र मराठीतून बोलून सांगते. पैसा देण्याचे दार आपण इतके सुलभ करू शकलो. मत देण्याचे दारही तितके सुलभ करता येईल; इच्छा मात्र हवी.

आपला वाटा

परंतु सारे काही शासनावर सोपवून मोकळे होणे ही आपली रीत नाही. शताब्दीच्या निमित्ताने संघाने जी पंच परिवर्तनाची सूत्रे समाजापुढे ठेवली, त्यांत नागरिक कर्तव्य हे एक आहे. वाहतुकीचे नियम पाळणे, कर वेळेवर भरणे एवढ्यावर ते कर्तव्य संपत नाही. गावाविषयी जे दिसते ते योग्य ठिकाणी, योग्य भाषेत कळविणे हाही त्याचाच भाग आहे.

मानवत असो वा अन्य कोणतेही गाव, प्रत्येक वस्तीत आठवड्यातून एक सायंकाळ मंदिराच्या सभामंडपात वा वाचनालयात दोन सुशिक्षित तरुणांनी बसावे. ज्याला काही सांगायचे आहे, त्याचे म्हणणे देवनागरीत टंकलिखित करून द्यावे, योग्य कार्यालयाकडे पाठवावे आणि पोच त्याच्या हाती ठेवावी. ई-पीक पाहणीत असेच घडले. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी ती राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याला एकट्याने ते साधेना, तेव्हा पुढे गावोगाव साहाय्यक द्यावे लागले. तंत्रज्ञान आणि माणूस यांच्या मध्ये एक आपुलकीचा हात लागतोच. तो हात शुल्क आकारणाऱ्या दलालाचा असावा की शेजारच्या कार्यकर्त्याचा, हे आपण ठरवायचे आहे.

यात एक पथ्य अवश्य पाळावे. लिहिणाऱ्याने आपले विचार त्याच्या तोंडी घालू नयेत. आजीने 'पाण्याचा टँकर आमच्या बोळात वळत नाही' असे सांगितले, तर तेच लिहावे; त्याचे भाषण करू नये. ती कोणत्या पक्षाला मत देते, कोणत्या जातीची वा पंथाची आहे, हे विचारू नये. पाणी सर्वांच्याच बोळात यायचे आहे. आणि असभ्य शब्द, वैयक्तिक निंदा वा पडताळा नसलेला आरोप असेल, तर तेथेच नम्रपणे थांबवावे. दार उघडे ठेवणाऱ्यावर अंगण स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी येते.

घराघरांतही हा संस्कार रुजावा. कुटुंबाच्या भोजनाच्या वेळी गावाच्या तक्रारी भरपूर निघतात. त्यांतील एक तरी महिन्याला लिहून पाठवू, असा संकल्प प्रत्येक कुटुंबाने केला, तर छोट्या शहरांच्या कार्यालयांत आज जी शांतता आहे, ती राहणार नाही. मुलांच्या हाती भ्रमणध्वनी आहेच. त्यावर आजोबांची सूचना टंकलिखित करून देणे, हा नातवाचा नागरिकशास्त्राचा पहिला धडा ठरावा.

'हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत', हे वाक्य शासन यापुढेही छापत राहील. मागणे जर मनापासून असेल, तर देणाऱ्याची वाटही मोकळी असली पाहिजे. नगरपरिषदांत नवे सदस्य आले आहेत. मराठवाड्यातील नगरपरिषदांनी पहिल्याच काही सभांमध्ये एक ठराव करावा : आमच्या गावात सूचना देण्यासाठी खाते, परवलीचा शब्द वा इंग्रजीचे ज्ञान लागणार नाही आणि प्रत्येक सूचनेला उत्तर मिळेल. या ठरावाला निधी फारसा लागत नाही आणि मंत्रालयाच्या मंजुरीची वाटही पाहावी लागत नाही. मानवतने तो आधी केला, तर पाथरी-सेलू मागे राहणार नाहीत. बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी तुरुंगवास पत्करला, त्यांना एवढा मान नक्कीच शोभून दिसेल.